यादी करण्याआधी हे वाचा : एका मामाचं खुलं पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यात आरोग्याचा आणि अमली पदार्थविरोधी कामाचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी,
तसेच खानापूर, आटपाडी, खटाव, माण भागातले माझे गलाई बांधव

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या भागात एक बैठक झाली. गावोगावी नशा करणाऱ्या पोरांची नावं गोळा करायची आणि पोलीस ठाण्यात द्यायची, असं तिथं ठरलं. टाळ्या वाजल्या. मी मागं बसलो होतो. 'नावं दिल्यावर त्या पोरांना उपचार कुठं मिळणार?' एवढंच विचारायला उभा राहिलो, पण तोंडातून शब्द फुटेना. खाली बसलो. अशी यादी आणखी आधी झाली असती तर आमच्या गावातून पहिलं नाव माझ्या भाच्याचं गेलं असतं. तो आता नाही. त्या दिवशी बोलता आलं नाही ते लिहून पाठवतोय, आणि तुमच्याबरोबर बाकीच्यांनीही वाचावं म्हणून उघड लिहितोय.

भाच्याचं नाव लिहीत नाही. घरात त्याच्या पाठची बहीण लग्नाची आहे. माझ्या बहिणीनं एवढं एकच मागितलं, ते मोडणार नाही.

मी खानापूर तालुक्यातला. बावीस वर्षं लुधियानात गलाईचं दुकान चालवलं. आमच्याकडं पाऊस नव्हता, पाण्याची योजना नव्हती, तेव्हा आमच्या बापजाद्यांनी सोनं-चांदी गाळायचा धंदा धरून मुलूख सोडला. आज देशातल्या बहुतेक सराफ बाजारांत विट्याचा नाहीतर आटपाडीचा, खटावचा माणूस भट्टीपाशी बसलेला दिसेल. शाळेत मन नसलेलं पोरगं मामाच्या, चुलत्याच्या दुकानावर पाठवायचं, ही आमच्याकडची रीतच. बहीण म्हणाली, "दादा, ह्याला तुझ्याबरोबर ने, हाताला काम लागंल." सोळा वर्षांचा होता. मीच नेला. मूस कशी धरायची, तेजाबाच्या धुरापासून तोंड कसं वाचवायचं, सगळं मी शिकवलं. दुकान बंद झाल्यावर तो कुणाबरोबर बसतो, हे मात्र मी कधी बघितलं नाही. तिसऱ्या वर्षी कळलं, तोवर तो पन्नीवर जाळून हेरॉइनचा धूर ओढण्यावरून सुईवर गेला होता.

आमच्या जुन्या माणसांना गर्द, ब्राऊन शुगर हे शब्द माहीत आहेत. पंजाबात हेरॉइनला चिट्टा म्हणतात. आणि ते अंगातून उतरायला लागलं की जे हाल होतात त्याला तिकडं 'तोड' म्हणतात, मुंबईकडं 'टर्की'. ते हाल काय असतात हे मी गोवा एक्सप्रेसमध्ये बघितलं. तुम्ही बघितलेले नसावेत, असं मला त्या बैठकीतली भाषणं ऐकून वाटलं. म्हणून सांगतो.

दिल्लीत गाडीत बसण्याआधी, सकाळी कधीतरी त्यानं शेवटचं घेतलं होतं. ग्वाल्हेर गेल्यावर जांभया सुरू झाल्या, एकामागं एक, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं झोप आली असेल. मग नाक गळायला लागलं. समोरच्या बाईंनी सर्दी समजून विक्स दिलं. मध्यरात्री हातावर काटा उभा राहिला, पिसं काढलेल्या कोंबडीसारखी कातडी झाली. घामानं शर्ट भिजलेला आणि वर दोन चादरी घेऊन कुडकुडतोय. पाय एक मिनिट जागेवर राहीनात, बर्थवर सारखे झाडायचा. भुसावळला उलट्या, मनमाडपर्यंत जुलाब. "मामा, हाडं आतनं कुणीतरी पिरगाळतंय," म्हणाला. दोनदा उतरायला दाराशी गेला. तिसऱ्यांदा मी माझ्या कमरेचा पट्टा काढून त्याचं मनगट माझ्या मनगटाला बांधलं. रात्री सांगलीत उतरलो तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पसरून एवढ्या मोठ्या झाल्या होत्या, की प्लॅटफॉर्मवरचा दिवा त्याला बघवेना.

नंतर एका मानसोपचार डॉक्टरांनी मला हे नीट समजावलं. हेरॉइनचा त्रास शेवटच्या डोसानंतर साधारण ८ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि ५ ते १० दिवसांत अंगाचे हाल कमी होतात. झोप न लागणं, मन उदास राहणं आणि आतून येणारी ओढ मात्र आठवडे, महिने राहते. नुसत्या या त्रासानं धडधाकट माणूस सहसा मरत नाही, पण उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं आणि कुणी बघितलं नाही तर जीव जाऊ शकतो. पोरगं दारूही पीत असेल किंवा झोपेच्या गोळ्याही खात असेल, तर अचानक बंद केल्यावर फिट येऊ शकते. आपल्या जिल्ह्यात नशेच्या गोळ्यांचं प्रमाण काय आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून हे काम घरी, गोठ्यात किंवा कोठडीत करायचं नसतं, दवाखान्यात करायचं असतं.

आणि आम्ही दवाखान्यात गेलो होतो. तीन ठिकाणी. कुणाचं नाव घेत नाही, कारण मला कुणाला शिक्षा करायची नाही. एका ठिकाणी सलाईन लावून चार तासांनी घरी पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी केसपेपरवर मोठ्या अक्षरात 'व्यसनी' लिहिलं आणि ही पोलीस केस आहे म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी एक जण म्हणाला, "सोसू द्या, अद्दल घडेल." तेव्हा तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून वाकडातिकडा होत होता.

हेरॉइनच्या व्यसनावर औषध आहे, हे त्या तिन्ही ठिकाणी आम्हाला कुणी सांगितलं नाही. पत्र लिहायला बसलो ते मुख्यतः यासाठी. ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी आहे, जिभेखाली ठेवायची. हेरॉइन मेंदूत जिथं जाऊन बसतं तिथंच ही बसते, पण ती हेरॉइनसारखी चढत नाही, हाल आणि ओढ थांबवते. त्रास सुरू झाल्यावरच द्यावी लागते, आधी दिली तर उलट तोड एकदम अंगावर येते, म्हणून डॉक्टर पाहिजेत. ज्याला लागेल त्याला ती महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं द्यायची असते. रक्तदाबाच्या गोळ्या आपण देतो तशीच. तेवढ्या काळात माणूस कामावर जातो, घरात राहतो, सुई सुटते, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीचा धोका कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं ब्युप्रेनॉर्फिन आणि त्याच कामाचं मेथाडोन ही दोन्ही औषधं २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्या देशात एड्स नियंत्रण कार्यक्रमातून सुईवाल्यांसाठी हा उपचार सरकारच चालवतं. पंजाब सरकारनं तर २०१७ पासून यासाठी बाह्यरुग्ण केंद्रं उघडली.

म्हणजे लुधियानात, मी जिथं बावीस वर्षं राहिलो त्या शहरात, सरकारी केंद्रावर ही गोळी मिळत होती. मला माहीत नव्हतं. जिथं औषध होतं तिथून त्याला उचलून, जिथं आम्हाला ते कुणी दाखवू शकलं नाही तिथं मी पट्ट्यानं बांधून घेऊन आलो. हे ओझं मी मरेपर्यंत वाहणार आहे. तुमच्यावर ढकलत नाही. पण दुसऱ्या कुणा मामाच्या डोक्यावर ते येऊ नये, हे तुमच्या हातात आहे.

शेवटी त्याला एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. पहिला महिनाभर भेटायला बंदी. गोळी-औषध नाही, पहाटे उठवून पळवायचं, चुकलं की मार. दोन महिन्यांनी घरी पाठवताना गळ्यात हार घालून फोटो काढला, 'व्यसनमुक्त' लिहिलेला कागद दिला. रात्री बहिणीनं त्याला तेल लावायला घेतलं तेव्हा उजव्या घोट्याभोवती साखळीचा वळ दिसला. तो म्हणाला, "जाऊ दे आई, आता सुटलो."

त्या दोन महिन्यांत अंगाची सवय मोडलेली असते. आधी जेवढं पचत होतं तेवढंच आता घेतलं तर श्वास बंद पडतो. नशा सुटल्यानंतरचे, केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. हे जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. आम्हाला त्या केंद्रानं कागद दिला, फोटो दिला, हे एक वाक्य दिलं नाही.

घरी आल्यावर एकवीस दिवस तो नीट होता. शेळ्या बघायचा, दाजींबरोबर डाळिंबाच्या बागेत जायचा. झोप मात्र नाही. रात्री अंगणात येरझाऱ्या घालताना चपलांचा आवाज यायचा. गावच्या यात्रेला उत्तरेकडनं पोरं आली, त्यांतलाच एक जुना जोडीदार. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गोठ्याशेजारच्या खोलीत घोरत पडलेला दिसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा पोरगं गाढ झोपलं, म्हणून बहिणीनं पंखा लावला, दार हळूच लोटून घेतलं, ओसरीवरच्या पाहुण्यांना म्हणाली, "जरा हळू बोला, आज झोप लागलीया त्याला." पाच वाजता चहा घेऊन गेली तेव्हा घोरणं थांबलं होतं, ओठ निळे पडले होते. मी पापणी उचलून बघितली. गाडीत ज्या बाहुल्या डोळाभर पसरल्या होत्या, त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

जीपमधून नेला. धुगधुगी होती. दवाखान्यात पोचलो. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, दोन-पाच मिनिटांत श्वास परत आणतं, त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात संपतो म्हणून माणसावर लक्ष ठेवावं लागतं. हे मला नंतर कळलं. त्या दवाखान्यात ते नव्हतं. पुढं न्या म्हणाले. पुढच्या रस्त्यावर तो गेला.

घोरणं म्हणजे झोप नसते, ते श्वास अडकत चालल्याचं लक्षण असू शकतं, एवढं आम्हाला कुणी सांगितलं असतं तर चार माणसं घरात होती. कुशीवर वळवलं असतं, तोंडानं श्वास दिला असता. बहीण आजही विचारते, "मी दार का लोटलं?" तिला काय उत्तर देऊ?

आता तुमच्या निर्णयाबद्दल.

पोलिसांच्या कामाला माझा विरोध नाही, हे आधी सांगतो. २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत आणि २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत एमडी (मेफेड्रोन) ही नशेची पावडर बनवणारे कारखाने पकडले, तेव्हा मला बरंच वाटलं. विकणाऱ्याला धरा, बनवणाऱ्याला धरा, कडक शिक्षा होऊ द्या. पण विकणारा आणि तोड लागून रस्त्यात पडलेलं पोरगं एका यादीत घालू नका. यादी झाली की आईबापं पोराला दवाखान्यात न्यायचं बंद करतील, घरातच कोंडतील. आम्हीही पहिल्यांदा तेच केलं असतं.

कायदासुद्धा असं सांगत नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ खाली हेरॉइन घेणाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, हे खरं. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवायचा नसतो, उपचार मात्र त्यानं पुरते घेतले पाहिजेत. आता ती उपचाराची जागाच गरिबाच्या आवाक्यात नसेल तर या कलमाचा त्याला उपयोग काय? बैठकीत कलम २७ चा उल्लेख दोन वेळा झाला. ६४-अ चा एकदाही नाही.

दुसरा कायदा २०१७ चा, मानसिक आरोग्य सेवा कायदा. दारू आणि अमली पदार्थांमुळं होणारे मानसिक विकार त्यात आजार म्हणूनच धरले आहेत. रुग्णाला साखळीनं बांधायला त्यात सरळ बंदी आहे, आणि अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. माझ्या भाच्याच्या घोट्यावरचा वळ हा कायदा झाल्यावर कितीतरी वर्षांनी उठलेला आहे. तपासणी कोण करतं, कधी करतं?

चांगलं काम कसं असतं हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चाललंय, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन आहे. पोराला माणूस समजून, घरच्यांना सोबत घेऊन हे काम होतं, हे आपल्याच भागातल्या लोकांनी दाखवून दिलंय. पण दोन-चार संस्थांच्या जिवावर आख्खा भाग सोडून चालणार नाही. एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यात अफूपासूनच्या आणि तशा नशेसाठी मदतीची गरज असलेली माणसं देशात सुमारे ७७ लाख सांगितली आहेत. त्यातली आपल्या तालुक्यातली किती, हे त्यांना विश्वास वाटेल अशी जागा उघडल्याशिवाय कळणार नाही. यादीनं तर नाहीच कळणार.

माझ्या मागण्या या आहेत.

नावं गोळा करायचा निर्णय मागं घ्या. त्याऐवजी प्रत्येक गावात ६४-अ ची माहिती मराठीत लावा, आणि खाली १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन नंबर लिहा.

तालुक्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात तोड लागलेल्या रुग्णासाठी दोन तरी खाटा ठेवा. पहिल्या दहा दिवसांत काय द्यायचं, काय बघायचं, हे डॉक्टर-नर्सना लेखी द्या. तोडीचे हाल कमी करायला क्लोनिडिन हे औषध देत असाल तर रक्तदाब बघत द्या. केसपेपरवर शिवी लिहू नका.

ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार जिल्ह्यात जिथं असेल तिथला पत्ता, वार, वेळ जाहीर करा, आणि तालुक्याला आठवड्यातून एक दिवस तरी सुरू करा. आटपाडीच्या मजुरानं रोज एसटीनं जिल्ह्याच्या गावाला जाऊन गोळी घ्यायची आणि कामही टिकवायचं, हे होणार नाही. स्थिर झालेल्या रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्यानं थोड्या दिवसांची गोळी घरी द्या.

नॅलोक्सोन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, रुग्णवाहिकेत ठेवा. ही मागणी सगळ्यात लहान आहे आणि ती उद्या पूर्ण करता येईल. आशाताईंना दोन तासांचं प्रशिक्षण द्या : टाचणीएवढ्या बाहुल्या, निळे ओठ, खरखर घोरणं, हाक मारून न उठणं.

खासगी केंद्रांची नोंदणी आणि आतली परिस्थिती तपासा, न सांगता जाऊन. सोडताना घरच्यांना बसवून धोका समजावून सांगायची सक्ती करा. आणि अटकेतल्या पोराला तोड लागली असेल तर त्याच रात्री डॉक्टर दाखवा.

गलाई बांधवांनो, शेवटचं तुमच्याशी. आपण दसऱ्याला पालखीच्या शर्यतीला येतो, यात्रेला येतो, देवळाला वर्गणी देतो, वर्षभर लांब राहून गावाशी नातं टिकवतो. मग आपल्या भट्टीवर राबणाऱ्या पोराशी का टिकवत नाही? पंधरा-सोळा वर्षांची पोरं न्यायचं बंद करा. जी तिकडं आहेत त्यांच्या खोलीवर आठवड्यातून एकदा जाऊन बसा. कुणी अडकलं असेल तर घाबरून गावाकडं पाठवू नका. तिथल्या सरकारी केंद्रात घेऊन जा, नाव नोंदवा, महिनाभर सोबत जा. माझ्या दुकानाची जागा आता मोकळी आहे. कुणाला उपचारापुरतं राहायला लागली तर किल्ली माझ्याकडून घेऊन जा.

अधिकारी साहेबांनो, परवा आटपाडीकडच्या एका आईचा मला फोन आला. माझ्या भाच्याचं तिला कुणाकडून तरी कळलं. तिचा मुलगा अमृतसरहून आलाय, कालपासून जांभया देतोय, नाक गळतंय, पाय झाडतोय. "कुठं नेऊ?" असं विचारत होती. मी तिला पुण्याचं सांगितलं, तर म्हणाली गाडीभाड्याचे पैसे उद्या बघते. जवळचं ठिकाण मला सांगता आलं नाही. या पत्राचं बाकी उत्तर सवडीनं द्या. तिला मी काय सांगायचं, तेवढं आज कळवा.

आपला,
एक गलाई व्यावसायिक
खानापूर तालुका, जि. सांगली